नळाजवळचं झाड

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. फुजैरा

निवृत्त झाल्यावर वही म्हणून हातात धरायची नाही असं ठरवलं होतं. अठ्ठावीस वर्षं इथल्या इंडियन शाळेत जीवशास्त्र शिकवलं, प्रॅक्टिकलच्या हजारो वह्या तपासल्या, तेवढं पुरे होतं. पण आज नोंद करण्यासारखं घडलं आहे.

अंगणातल्या नळाजवळच्या झाडाला फुलोरा आला. फुलं बारीक, हिरवट पिवळी, लांबून दिसतही नाहीत. झाड आतून गुणगुणतं आहे एवढंच कळतं. सकाळी सातपासून मधमाश्या. दमट हवेत तो आवाज जड होऊन खाली उतरतो. राजाभाऊ त्याखाली खुर्ची टाकून बसतात. (सगळं गाव ह्यांना राजाभाऊ म्हणतं, वहीत मीही तेच लिहिते.) झाडाखाली बसले की ते बरे असतात. पेपर वाचतात, समुद्रात नांगरून उभी राहिलेली जहाजं मोजतात, जुन्या गोष्टी सांगतात. घरात आले की चिडचिड सुरू. म्हणून मी चहाही तिथेच नेऊन देते.

अकराला राशिद आला. आमच्या घरमालकाचा मुलगा. म्हातारे मालक गेल्यापासून हाच सगळं बघतो. मुलगा सभ्य आहे, चपला बाहेर काढतो. म्हणाला, "मदाम, दीवार तीन मीटर अंदर आएगा. उधर गाडी का छप्पर बनाना है."

"आणि झाड?"

"शजर निकालेगा. सिद्र होता तो मैं हाथ नहीं लगाता, बाबा का कसम. लेकिन सब बोलता है ये हिंदी बोर है. आप लोग का."

सिद्र म्हणजे इथलं बोर. वाळवंटातलं, मूळचं. इथली मूळ झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि सिद्राला तर इथले लोक फार मानतात. कुंपणापलीकडे मालकांचा सिद्र आहे, साठ-सत्तर वर्षांचा. त्याला कोणी काही करणार नाही. प्रश्न आमच्याकडच्या झाडाचा आहे. तोडण्याआधी कोणीतरी येऊन त्याची जात फॉर्मवर लिहिणार.

"यल्ला, मदाम, टेन्शन नहीं लेना," असं म्हणून गेला. मी टेन्शन घेत नाही. मी भिंग काढलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

तीन सकाळी निरीक्षण केलं. कुंपणापलीकडच्या सिद्राचं पान खालून गुळगुळीत. आपल्या देशातल्या बोराचं पान खालून पांढरट, मऊ लव असलेलं, बोट फिरवलं की मांजराच्या कानासारखं लागतं. नळाजवळच्या झाडाचं पान खालून ना धड गुळगुळीत ना धड लवदार. शिरांच्या कडेने तेवढी लव आहे, बाकी पान उघडं. शेंडा सिद्रासारखा निमुळता, बूड बोरासारखं गोल.

आणि बोराचं झाड इथे आलं कुठून, ते मला ठाऊक आहे. १९९१ची संक्रांत. मुग्धा अडीच वर्षांची होती, बोरन्हाण करायचं होतं आणि अख्ख्या फुजैऱ्यात बोरं नाहीत. शेजारची खैरुन्निसा तेव्हा नुकतीच श्रीवर्धनहून परतली होती. आईने दिलेली पिशवीभर बोरं तिने माझ्या ओट्यावर ओतली. म्हणाली, "घ्या, न्हाऊ घाला पोरीला." मुलांनी अंगणभर बोरं वेचली, खाल्ली, बिया थुंकल्या. एक बी रुजली. पाच वर्षांत झाड डोक्याच्या वर गेलं. २००७ साली गोनू वादळात ते मुळासकट पडलं.

त्याआधी दहा-बारा वर्षं बोर कुंपणाच्या अलीकडे आणि सिद्र पलीकडे असे फुलत होते. फुलोरा एकाच सुमारास, आणि माश्या कुंपण ओळखत नाहीत.

म्हणजे नळाजवळचं झाड दोघांचं आहे. कोणी लावलेलं नाही, कोणी कलम केलेलं नाही. वर्गात 'नैसर्गिक संकर' हा धडा पंचवीस वेळा शिकवला, आणि उदाहरण माझ्या कपडे धुण्याच्या नळाशी उभं होतं.

आई कोण, बाप कोण, ते मात्र सांगता येत नाही. बुलबुलाने बी कुठून आणून टाकली, कोण बघायला गेलं होतं? रोप पहिल्यांदा दिसलं १९९७च्या मार्चमध्ये. ते साल लक्षात आहे, कारण मी मुग्धाला घेऊन कायमचं सांगलीला परत जायचं ठरवलं होतं. बॅगा भरल्या होत्या. रोपाची पहिली पानं चमत्कारिक दिसली म्हणून म्हटलं, पुढची चार पानं बघून जाऊ. मग राजाभाऊंचा बंदरातला काँट्रॅक्ट वाढला आणि जाणं राहिलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

मुग्धा आली, दुबई सिलिकॉन ओएसिसमधून, शुभ्राला घेऊन. दोन तास गाडी चालवते आणि आल्या आल्या भाषण सुरू करते.

"आई, अकराव्या मजल्यावर आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा होतोय. बाबांना इथे एकटीने किती दिवस सांभाळणार तू?"

"सांभाळायला त्यांना काय झालंय?"

"आई. चष्मा फ्रीजमध्ये होता आत्ता."

"उकाडा आहे. ठेवला असेल."

तिने तोंड फिरवलं. शुभ्रा चार वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. आजोबा तिला "मुग्धा, इकडे ये" म्हणाले. ती म्हणाली, "आजोबा, मम्मा इज मुग्धा." सगळे हसलो. नावं सगळ्यांचीच चुकतात. मी स्वतः दोन्ही भावांच्या मुलांना एकाच नावाने हाक मारायची.

जाताना मुग्धाने मोबाइलवर कुठल्याशा डॉक्टरांचा फॉर्म उघडून दिला. वीस प्रश्न. ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का? जवळच्या माणसांची नावं विसरतात का? एकच गोष्ट पुन्हा विचारतात का? मी उभ्याउभ्या सगळीकडे 'नाही' दाबून पाठवून दिला. फालतू प्रश्न. दोन मिनिटं लागली.

१२ ऑक्टोबर, दसरा

दुपारी झोपणं मला मान्य नाही. आज झोपले.

स्वप्नात पान होतं, अंगणाएवढं. मी त्याच्या खालच्या बाजूला चालत होते आणि पायाखाली लव होती, ओलसर. शिरा ओढ्यांसारख्या वाहत होत्या. पलीकडच्या शिरेवर राजाभाऊ उभे होते, तरुण, मिशी असलेले. मी हाक मारत होते आणि ते अत्यंत सभ्यपणे हसत होते, जसं अनोळखी बाईकडे बघून हसतात.

जागी झाले तर डोंगराकडून ऊन सरकून झाडावर आलं होतं आणि माश्या चालूच. खाली खुर्चीत राजाभाऊ जहाजं मोजत होते. "बारा," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "बारा." मी मोजली. सतरा होती.

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दूध आणायला गेलेले राजाभाऊ तासाभरात आले नाहीत. खैरुन्निसाचा नवरा खैरुद्दीन त्यांना गाडीत घालून घेऊन आला. मासळीबाजाराच्या पलीकडे समुद्राकडे तोंड करून उभे होते म्हणे. "भाऊ म्हनले, सांगलीची एस्टी हितंच लागते ना," खैरुद्दीन हळूच म्हणाला.

गंमत केली असेल त्यांनी. त्यांचा स्वभाव आहे तो. शिवाय टोपी नव्हती, ऊन लागलं असणार. मी लिंबाचं सरबत दिलं आणि झाडाखाली बसवलं. दहा मिनिटांत ठीक झाले. मला म्हणाले, "छाया, फुलोरा गळला बघ. फळ धरलं."

खरंच धरलं होतं. माझ्या आधी त्यांनी पाहिलं.

मुग्धाचा फोन आला तेव्हा हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जात लिहायला माणूस आला. दार उघडलं तर सुजीत! दहावी ब. आता झाडांची पाहणी करणाऱ्या कुठल्याशा कंपनीत आहे, डोक्याला टक्कल, हातात टॅबलेट. मला बघून शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही अजून इथेच?"

"झाड तिकडे आहे," मी म्हटलं.

त्याने पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, मान खाजवली. फॉर्मवर दोनच रकाने: 'स्थानिक' आणि 'बाहेरून आणलेलं'. एकावर खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

"मॅडम, तुम्ही सांगाल ते टाकतो. स्थानिक टाकलं तर राशिदला परवानगी मिळायची नाही, झाड वाचलं. कोण तपासणारे? मोठ्या साहेबांना गुलाब आणि जास्वंदीतला फरक कळत नाही."

तो हसला. "आठवतं? कांद्याच्या सालीची आकृती मी पुस्तकातनं बघून काढली होती. दहापैकी शून्य दिलंत. वहीवर लाल पेनने लिहिलंत, 'दिसेल तेच काढ.' माझे बाबा तुमच्याशी भांडायला आले होते."

"आले होते. आणि शून्य तसंच राहिलं."

"तेच म्हणतोय मॅडम," तो म्हणाला. "तुम्हीच ठरवा." एक कोरा छापील फॉर्म ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात नेईल.

राजाभाऊंनी त्याला विचारलं, "मुग्धाच्या वर्गातला का रे तू?" बरोबर विचारलं. होता तो मुग्धाच्याच वर्गातला. हे लिहून ठेवते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

खैरुन्निसा तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली. फॉर्म टेबलावर होता.

"एक खूनच मारायची, छायाताई. अल्लाला ठावूक हाय झाड कुनाचं ते. त्याला फारम लागत नाय."

"खोटं होईल."

"अर्ध खरं नाय का? मंग अर्धीच खून मारा." आणि पदर तोंडावर घेऊन हसली. मग बाहेर राजाभाऊंकडे बघून हसणं थांबवलं. "झाड गेलं तर भाऊ कुठं बसतील, याचा इचार करा. ते खुर्चीत हायत तवर तुमच्याजवळ हायत."

ती अशी काहीबाही बोलते. चाळीस वर्षांत सवय झाली आहे. पण ती गेल्यावर मी पेन उचललं. 'स्थानिक'च्या रकान्यावर टेकवलं. ठिपका उमटला. भाकरी गार होईपर्यंत तशीच बसले होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी चार. समुद्रावर धुरकट पडदा, जहाजांचे नुसते आकार. वारा नाही. मी चहा घेऊन झाडाखाली गेले. राजाभाऊ उठून उभे राहिले आणि खुर्ची पुढे केली.

"बसा ना बाई. तुम्ही कोणाकडे आलात?"

मी कप धरून उभी.

"आमच्या मिसेस शाळेतून येतीलच एवढ्यात. जरा कडक आहेत," ते आवाज खाली आणून म्हणाले, "पण मनाने चांगल्या आहेत. घाबरू नका."

मी बसले. काय करणार? चहा दिला. त्यांनी बशीत ओतून अर्धा मला दिला, पाहुणीला द्यावा तसा. आम्ही दोघं प्यायलो. वरून एक कच्चं फळ कपात पडलं. त्यांनी ते काढून रुमालाने पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

अर्ध्या तासाने म्हणाले, "छाया, चहात साखर कमी आहे."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सहाला उठले. कोरा कागद, एचबी पेन्सिल, भिंग. पान वरून, पान खालून, काट्यांची जोडी, कच्चं फळ उभं कापून. सावली न देता, ठिपक्यांनी, आम्ही मुलांना शिकवायचो तशी आकृती. तीन तास लागले. रेघ दोनदा खोडली. खाली लिहिलं: 'पानाखाली फक्त शिरांवर लव. दोन्ही जातींची लक्षणं. दोन्हींपैकी कोणतीही एक जात म्हणता येत नाही. जे दिसलं ते एवढंच.' दोन्ही रकाने कोरे सोडले. गुरुवारच्या ठिपक्यावर रबर फिरवला, शाईचा होता, गेला नाही. शेजारी लिहिलं, 'हा ठिपका चुकून.' सही केली.

सुजीत दहाला आला. बघून त्याने डोक्यावरून हात फिरवला. "मॅडम, झाड जाईल."

"जाईल."

"दहापैकी किती द्यायचे?"

"चालू लाग."

तो गेल्यावर पेन्सिलचं टोक करत बसले. मग मोबाइल काढला आणि मुग्धाने दिलेला जुना फॉर्म शोधला. तो पुन्हा भरता येतो. ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का? होय, ३ नोव्हेंबर. एकच गोष्ट पुन्हा विचारतात का? होय. जवळच्या माणसांना—

इथे बराच वेळ गेला. बाहेर माश्या नाहीत आता, फुलोरा संपला, त्यामुळे फार शांत वाटलं.

होय. २४ नोव्हेंबर, दुपारी चार वाजता. मला.

एक लिहायचं राहिलं होतं, त्याला फॉर्मवर जागा नव्हती, म्हणून वहीत लिहिते. ओळखलं नाही तेव्हाही त्यांनी मला खुर्ची दिली.

११ डिसेंबर, बुधवार

फॉर्म परत आला. 'एक रकाना भरा.' सुजीतने फोनवर विचारलं, काय करू. मी म्हटलं, तसाच परत पाठव, माझी आकृती बदललेली नाही. पुढच्या खेपेला 'तज्ज्ञ समितीकडे' असा शेरा येऊन फॉर्म कुठेतरी गेला. कुठे, ते सुजीतलाही सांगता येईना. निर्णय होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही.

दुपारी राशिद आला. रागावला असेल असं वाटलं होतं. तो झाडाखाली राजाभाऊंच्या शेजारी पायरीवर बसला. "मदाम, आपने सिद्र बोला होता तो मैं मान जाता. बोर बोला होता तो भी मान जाता. ये क्या किया?"

"जो है वो लिखा."

तो वर बघत राहिला. फांद्यांमधून उन्हाचे कवडसे त्याच्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यावर हलत होते. "ठीक है. गाडी का छप्पर उधर बनाएगा, गेट के पास. इधर फैसला आएगा तब देखेगा." उठताना म्हणाला, "हम लोग का भी आधा है ना इसमें?"

"आधा है."

"खलास," म्हणजे विषय मिटला, असं म्हणून त्याने खोडावर थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

फळं अजून हिरवी. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, थांबू.

गेल्या आठवड्यात दुबईला डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी सांगितलं ते मला आधीच माहीत होतं. म्हणजे कधीपासून माहीत होतं ते आता वही मागे चाळताना कळतं. गोळ्या चालू केल्या. बरं होणार नाही, सावकाश होईल, असं म्हणाले. मुग्धा गाडीत रडली. मी तिला सिग्नलकडे लक्ष दे म्हटलं, आणि मग गिअरवरच्या तिच्या हातावर हात ठेवला. अकराव्या मजल्याचं पुढच्या उन्हाळ्यात बघू. ह्या ऋतूत नाही. मुग्धाने "बरं" म्हटलं. वाद घातला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

बोरन्हाण झालं.

फळं पिकली, सिद्रापेक्षा मोठी आणि बोरापेक्षा लहान, सालीवर तांबूस डाग. चव आंबटगोड, मागे किंचित तुरट. शुभ्राला काळ्या झबल्यात, हलव्याचे दागिने घालून झाडाखाली पाटावर बसवलं. खैरुन्निसाने चुरमुरे आणले होते, गल्लीतली सात-आठ मुलं जमली होती. शुभ्रा म्हणाली, "आजी, व्हाय आर यू थ्रोइंग फ्रूट ऑन मी?"

"उन्हाळा बाधू नये म्हणून."

"बट इट्स ऑलवेज समर हिअर." खैरुन्निसा म्हणाली, "बरोबर बोलली पोर!"

राजाभाऊंनी ओंजळ भरून सावकाश तिच्या डोक्यावरून सोडली. "मुग्धा मोठी झाली," ते म्हणाले. मुग्धा पाठीमागे उभी होती. पुढे होऊन त्यांच्या शर्टाचा कोपरा धरून उभी राहिली, लहानपणी धरायची तसा.

मुलं बोरं वेचून खायला लागली. बिया चारही बाजूंना उडत होत्या, मी ओरडले नाही. राजाभाऊ खुर्चीत बसले आणि शेजारच्या पायरीवर मी. समुद्र दुधासारखा झाला होता, जहाजं त्यात अडकल्यासारखी. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मिसेस येतील तेव्हा येतील, हाताशी असलेल्या पाहुणीला सांगावं तसं म्हणाले:

"बाई, एक सांगू? आमच्या मिसेसना सांगू नका. हे झाड आपोआप आलेलं नाही. त्यांना वाटतं पाखराने बी टाकली. मालकाच्या सिद्राखाली रोपं उगवली होती, त्यातलं एक निराळं दिसलं. मी रात्रपाळीहून येताना उपटलं आणि इथे नळाशी लावलं, त्या कपडे धुवायला येतात तिथे. बॅगा भरून तयार होत्या हो त्या. म्हटलं, निराळं पान दिसलं की बाई थांबतील. त्यांचा स्वभावच तसा."

"मग?"

"मग काय? अजून बघताहेत," ते म्हणाले आणि जहाजं मोजायला लागले.

म्हणजे बी सिद्राखालची. आई सिद्र, आणि बाप खैरुन्निसाच्या पिशवीतलं बोर. सत्तावीस वर्षांचा प्रश्न सुटला. साक्षीदार भरवशाचा नाही, पुरावा नाही, मी स्वतः पाहिलेलं नाही.

तरी लिहून ठेवते.